ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञानातलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे विद्यार्थी, पीएच.डी. करणारे, पोस्टडॉक आणि नव्याने प्राध्यापक झालेले ख्रिस्ती तरुण-तरुणी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांचे आहेत. पुढचे अडचणीच्या वेळी उघडून वाचण्यासारखे आहेत. एकाच गोष्टीला दोन प्रश्न लागू होत असतील तिथे क्रमांक दिला आहे.

१. श्रद्धा ठेवून विज्ञानात करिअर करता येतं का? की पुढे कधीतरी एक सोडावंच लागतं?

येतं. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल ऑगस्टीनियन मठात राहत होता. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. मानवी जनुकसंच प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स इव्हँजेलिकल ख्रिस्ती. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह ज्यांच्या नावाने आहे ते एथेलबर्ट ब्लॅटर जेझुइट फादर होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झालेले फादर सांतापाव हेही जेझुइटच. कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांना भौतिकी शिकवणारे फादर लाफाँ यांनी महेंद्रलाल सरकारांना १८७६ साली संशोधन संस्था उभी करायला मदत केली. सी. व्ही. रामन यांनी पुढे त्याच संस्थेत काम केलं.

फक्त अशा याद्या वादात पुरावा म्हणून वापरू नका. शास्त्रज्ञ ख्रिस्ती होता म्हणून ख्रिस्ती धर्म खरा ठरत नाही, आणि नास्तिक होता म्हणून खोटाही ठरत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांत आइन्स्टाईनही घुसवलेला असतो. न्यूटन बायबलचा गाढा अभ्यासक होता खरा, पण त्याला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) मान्य नव्हतं. सेमिनारमध्ये कोणी हे दाखवून दिलं की बाकीच्या खऱ्या नावांवरचाही विश्वास उडतो.

२. गाईडला किंवा मुलाखतीत मी ख्रिस्ती आहे हे सांगावं का?

आपण होऊन सांगायची गरज नाही, लपवायचीही नाही. आडनाव डिसोझा किंवा लोपीस असेल तर ते आधीच कळलेलं असतं. गायकवाड, साळवे किंवा शिंदे असेल तर पहिल्या नाताळाच्या रजेला कळतं.

शैक्षणिक सीव्हीत संडे स्कूल, युवक मंडळ, क्वायर यांची जागा नाही. अपवाद दोन. तिथे विज्ञान शिकवण्याचं काम केलं असेल तर ते 'लोकविज्ञान' या सदरात जातं. चर्चशी जोडलेल्या महाविद्यालयात अर्ज करत असाल तर प्रश्न १४ पाहा. मुलाखतीत कोणी श्रद्धेवरून छेडलंच तर एका वाक्यात उत्तर द्या आणि कामाकडे वळा: "हो, मी चर्चला जातो. माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल आपण विचारत होतात…" पॅनेलला बहुतेकदा तुमचा धर्म नव्हे, तुम्ही गडबडता का, एवढंच पाहायचं असतं.

३. उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवस आणि वर्गात साडेचार अब्ज वर्षं. मी नेमकं काय मानायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. आधी एक गैरसमज दूर करू. सहा दिवस म्हणजे चोवीस-चोवीस तासांचेच असं सगळ्या मंडळीने (म्हणजे चर्चने) कायम मानलं आणि डार्विननंतर माघार घेतली, असं घडलेलं नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर भाष्य लिहिताना हे दिवस साधे दिवस आहेत का, अशी शंका घेतली होती. निसर्गाविषयी अडाणी विधानं करणारा ख्रिस्ती माणूस बायबलचंच हसं करतो, असंही त्याने बजावलं होतं. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन सोळाव्या शतकात म्हणतो की चंद्र हा मोठा दिवा असं मोशेने सामान्यांच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं. शनी चंद्राहून मोठा आहे हे ज्योतिर्विद सिद्ध करतात, आणि त्यात विरोध नाही. इ.स.पू. ४००४ हे जगाच्या निर्मितीचं वर्ष आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळींची बेरीज करून काढलं. ते बायबलच्या मजकुरात कुठेही नाही.

आज तीन भूमिका प्रामुख्याने दिसतात. कॅथलिक मंडळीत प्राचीन पृथ्वी आणि देहाची उत्क्रांती मानायला अडचण नाही. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्या विषयावर अभ्यास खुला ठेवला आणि १९९६ साली जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असं लिहिलं. आत्मा मात्र थेट देवाकडून, हा आग्रह कायम आहे. मुख्य प्रवाहातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या साधारण अशाच बाजूच्या. बऱ्याच पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या तरुण पृथ्वी मानतात. तुमची मंडळी तिसऱ्या गटात असेल तर पाळकांशी चर्चासत्रात भांडू नका, घरी जाऊन बोला. पुष्कळदा त्यांची खरी चिंता खडकांच्या वयाची नसते. आदाम, पाप आणि तारण यांचा धागा तुटेल का, ही असते. त्यावर बोला.

४. वयमापनाच्या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत असे व्हिडिओ चर्चच्या ग्रुपवर येतात. काय उत्तर द्यायचं?

पहिली तपासणी: व्हिडिओत खडकाला किंवा डायनासोरला कार्बन डेटिंग लावलंय का? कार्बन-१४चा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षं. दहा अर्धायुकालांनंतर हजारावा भागही उरत नाही, म्हणून ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच आणि तीही एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंनाच लागू पडते. सह्याद्रीच्या बेसाल्टचं सुमारे ६.६ कोटी वर्षांचं वय आर्गॉनवर आधारित पद्धतीतून येतं.

दुसरी तपासणी: मतभेद आहे तो कशाबद्दल? आपलं लोणार घ्या. विवराचं वय थर्मोल्युमिनिसन्सने सुमारे ५२,००० वर्षं आलं होतं. २०११मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० आलं. दहापटींहून जास्त फरक! पण त्यामागे कारणं आहेत. थर्मोल्युमिनिसन्समध्ये खनिजात साठलेली ऊर्जा कालांतराने गळू शकते आणि वय कमी दिसतं. उलट आर्गॉन पद्धतीत आघाताने वितळलेल्या काचेत जुन्या बेसाल्टचा आर्गॉन उरतो, तो वजा केला नाही तर वय फुगतं. शास्त्रज्ञ असे मतभेद छापतात, त्यांवर भांडतात आणि सुधारतात. दोन्ही आकड्यांतला एकही ६,०००च्या आसपास नाही, हेही ग्रुपवर शांतपणे लिहायला हरकत नाही.

५. मला उत्क्रांती पटत नाही. परीक्षेत उत्तर लिहिणं म्हणजे खोटं बोलणं का?

नाही. प्रश्नपत्रिका तुमची कबुली मागत नाही, विषयाची समज मागते. "उपलब्ध पुराव्यांनुसार" असं लिहून पूर्ण उत्तर द्या. मार्क्सवाद शिकणारा प्रत्येक जण मार्क्सवादी नसतो.

मात्र जीवशास्त्रात संशोधनच करायचं असेल तर हा प्रश्न टाळून चालणार नाही. वंशवृक्ष काढणं, जनुकांची तुलना, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू, सगळं त्याच पायावर उभं आहे. डार्विनचा हार्वर्डमधला समर्थक वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे प्रेस्बिटेरियन होता, आणि विसाव्या शतकातल्या उत्क्रांतीशास्त्राच्या शिल्पकारांपैकी डॉबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, हे ठाऊक असलेलं बरं. 'इंटेलिजंट डिझाईन'चा, म्हणजे सजीवांची रचना बुद्धिमान रचनाकाराने केली या मांडणीचा, पर्याय पुष्कळांना मोहवतो. २००५ साली अमेरिकेत डोव्हर खटल्यात न्यायालयाने ते विज्ञान नव्हे असा निकाल दिला. पण खरी अडचण त्याहून साधी आहे: त्यातून पुढच्या सोमवारी कुठला प्रयोग करायचा हे निघत नाही.

६. शोधनिबंधात किंवा प्रबंधात देवाचा उल्लेख चालतो का?

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात चालतो. आई-वडील, गाईड आणि परमेश्वर यांचे आभार मानण्याची रीत आपल्याकडे सर्व धर्मांत आहे. निबंधाच्या ऋणनिर्देशात एखादं वाक्य बहुतेक नियतकालिकं खपवून घेतात, सहलेखकांची संमती मात्र आधी घ्या.

निष्कर्षात चालत नाही. २०१६ साली 'प्लॉस वन'मध्ये मानवी हाताच्या रचनेवरचा एक निबंध छापला गेला. त्यात हाताची जुळवाजुळव हे 'निर्मात्याचं' काम असं म्हटलं होतं. लेखकांनी हा इंग्रजीतला घोळ आहे असं सांगूनही निबंध मागे घेतला गेला. निबंधाचा वैज्ञानिक आधार, मांडणी आणि भाषा यांतले दोष छापण्याआधी नीट तपासले गेले नाहीत, असं कारण संपादकांनी दिलं. आपल्यासाठी धडा एवढाच: प्रयोगातून न निघणारं विधान प्रयोगाच्या निष्कर्षात घालू नका. लमेत्रचं उदाहरण उलट दिशेचं आहे. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी भाषणात महास्फोटाचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा सिद्धांत मांडणारा हा धर्मगुरूच अस्वस्थ झाला. उद्या निरीक्षणांनी सिद्धांत बदलला तर निर्मितीवरचा विश्वास का डळमळावा?

७. प्रयोग यशस्वी व्हावा म्हणून प्रार्थना करणं चूक आहे का?

चूक नाही. फक्त काय मागता त्याकडे लक्ष द्या. "हवा तो निकाल येऊ दे" ही प्रार्थना आकड्यांकडे पाहण्याची नजर बिघडवते, कारण मग तसा निकाल आला की तो तपासावासा वाटत नाही. प्रार्थनेनंतर आलेला सुंदर आलेख हा सगळ्यांत संशयाने तपासायचा आलेख.

म्हणून पद्धत आधीच बांधून ठेवा. किती नमुने, कुठला आकडा अपवाद म्हणून वगळायचा, कुठली सांख्यिकी चाचणी, हे मोजमापापूर्वी तारखेसह वहीत लिहा. शक्य असेल तिथे नमुन्यांची लेबलं दुसऱ्याने झाकावीत. वगळलेला आकडाही वहीत ठेवा. त्यावर एक रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा.

"प्रार्थनेचा परिणाम मोजता येईल का?" हा उपप्रश्न हमखास येतो. २००६ साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होते की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के होतं. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे नक्की ठाऊक असलेल्या गटात ते ५९ टक्के निघालं. आपले लोक आपापल्या परीने प्रार्थना करतच असतात, ती कुठल्याही गटात थांबवता येत नाही. त्यामुळे 'प्रार्थना नसलेला' गट खऱ्या अर्थाने तयारच होत नाही. आणि देव औषधाच्या गोळीसारखा डोसाला बांधलेला आहे, असं ख्रिस्ती शिकवणही म्हणत नाही.

८. मी पीएच.डी. आहे. चर्चमध्ये कोणी बरं झाल्याची साक्ष असली की 'डॉक्टर' म्हणून मला उभं करतात. काय करू?

उभे राहू नका. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट गाठ विरघळली की नाही हे सांगायला पुरत नाही, आणि समोरच्या लोकांना तो फरक कळत नाही. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्रातली पद्धत पाळकांना सांगा. तिथे वैद्यकीय समिती वर्षानुवर्षं कागद तपासते. बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होतं का, एवढं पाहते आणि "आजच्या ज्ञानाने स्पष्टीकरण नाही" इतकंच म्हणते. चमत्कार म्हणायचं की नाही हे बिशप ठरवतात. हजारो दाव्यांतून मान्य झालेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत.

कायद्याची बाजूही आहे. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिराती १९५४च्या जादूटोणा उपायविषयक केंद्रीय कायद्याने बंद आहेत, आणि महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीवर तुमची पदवी छापण्याची विनंती आली तर हे दोन्ही कायदे लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट मंडळीत न लाजता म्हणा: गोळ्या बंद करू नका.

९. परीक्षा आणि लॅबची कामं नेमकी रविवारी. उपासना चुकते.

आयआयटी-जॅम बहुतेकदा रविवारी असते, गेट शनिवार-रविवारी. तारीख बदलून मिळत नाही हे धरूनच चाला. कॅथलिकांसाठी मार्ग सोपा आहे. चर्चच्या कायद्यानुसार शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते. परीक्षा केंद्र परगावी असेल तर तिथल्या पॅरिशची वेळ आठवडाभर आधी विचारून घ्या. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी नेमकी तरतूद नसते, पण संध्याकाळची उपासना असते.

शनिवार पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थ्यांची अडचण खरी कठीण आहे. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. पुण्यात स्पायसरसारख्या स्वतःच्या विद्यापीठात शिकताना ती जाणवत नाही, राष्ट्रीय परीक्षेच्या दारात जाणवते. वेळापत्रक जाहीर होताच परीक्षा घेणाऱ्या संस्थेला लिहा, सोबत मंडळीचं पत्र जोडा. हक्क म्हणून मागू नका, विनंती म्हणून मागा. ब्रिटनमध्ये २०१०चा समता कायदा आणि अमेरिकेत नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण यांमुळे नोकरी देणाऱ्याला असा अर्ज गंभीरपणे घ्यावा लागतो. तिथे पोस्टडॉकला जाणाऱ्यांनी रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावं.

लॅबचं काम हे बरंचसं नियोजन आहे. पेशींच्या कल्चरला दोन-तीन दिवसांनी नवं माध्यम लागतं, तेव्हा बुधवार-शुक्रवार-सोमवार असा फेरा बसवा. पवित्र सप्ताहात गुरुवारी सकाळी पेशी विरळ करून पेरा म्हणजे शुक्रवारी त्यांच्याकडे पाहावं लागत नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षण असेल तर आकाशातला स्रोत रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याभरात दोन तास सरकतो. रविवारी सकाळी येणारी पाळी काही आठवड्यांनी पहाटेकडे जाते, तेव्हा पर्यायी तारखा वेळापत्रक ठरायच्या आधीच कळवा. आणि सगळ्यांत चालणारा उपाय म्हणजे अदलाबदल: गणपती-दिवाळीला लॅब तुम्ही सांभाळा, नाताळ आणि ईस्टरला कोणी नाही म्हणणार नाही.

१०. दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. मी थांबायचं की बाहेर जायचं? प्रसादाचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी खंडेनवमीच्या आठवड्यात येतो, आणि यात मंडळी-मंडळीत खरा फरक आहे.

हजर राहणं आणि पूजा करणं या दोन गोष्टी बहुतेक मंडळ्या वेगळ्या मानतात. मागे उभं राहणं, सजावटीला आणि साफसफाईला हात लावणं, नंतर सगळ्यांबरोबर चहा घेणं यात अडचण नसते. आरती ओवाळणं, नारळ फोडणं हे तुमच्या हातून करवून घेणार असतील तर आदल्या दिवशीच, खासगीत सांगा: "सर, मी थांबतो, पण ओवाळणं दुसऱ्या कोणाला द्याल का?" ऐनवेळी सर्वांसमोर नाही म्हणण्याने सगळ्यांचीच पंचाईत होते.

प्रसादाबद्दल पौलाचं उत्तर करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायांत आहे. बाजारात विकलं जातं ते विचारपूस न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. कॅथलिक घरांत हे सैलपणे घेतात, पेंटेकोस्टल मंडळ्यांत काटेकोरपणे. तुमची मंडळी काय म्हणते ते पाहा. नको असेल तर हात जोडून "नको, धन्यवाद" पुरे, प्रवचन देऊ नका.

धर्माशी संबंध नसलेला एक मुद्दा कोणत्याही श्रद्धेच्या माणसाने बोलायला हरकत नाही. हळदीतला कर्क्युमिन स्वतःच चमकतो. फ्लुरोसन्स मोजणाऱ्या यंत्राच्या झाकणावर लावलेली हळद-कुंकवाची बोटं नंतर आठवडाभर आकड्यांत दिसू शकतात. हार, हळद-कुंकू, उदबत्ती टेबलावर किंवा यंत्राच्या स्टँडवर. नमुना ठेवायच्या जागेजवळ नाही.

११. माझ्या प्रकल्पात मानवी भ्रूणाच्या किंवा त्यातून आलेल्या पेशी आहेत. काय पर्याय?

आधी नेमक्या कुठल्या पेशी आहेत ते पाहा. एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी मोडतात.

भ्रूणापासून काढलेल्या मूलपेशी: यासाठी काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. कॅथलिक शिकवण यात स्पष्ट नकार देते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मतं वेगवेगळी आहेत. भारतात २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १४ दिवसांपलीकडे भ्रूण वाढवता येत नाही आणि संस्थेच्या मूलपेशी समितीची परवानगी लागते.

एचईके-२९३: १९७३ साली नेदरलँड्समध्ये लायडनला गर्भाच्या मूत्रपिंडापासून बनलेली पेशींची ओळ. आज विषाणूवाहक (पेशीत जनुक पोचवणारे बदललेले विषाणू) बनवायला ती जगभर वापरतात. नव्याने गर्भ लागत नाही, पण उगम तोच. व्हॅटिकनच्या २००८च्या दस्तऐवजाने संशोधकांनी अशा साहित्यापासून अंतर ठेवावं असं म्हटलं. लसी घेणाऱ्यांसाठी मात्र २०२०च्या डिसेंबरमध्ये, पर्याय नसेल तर घेणं नैतिकदृष्ट्या चालेल असं सांगितलं. घेणारा आणि बनवणारा यांच्यावरची जबाबदारी सारखी धरलेली नाही, हे लक्षात घ्या.

हेला: १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या. इथे गर्भपाताचा संबंध नाही. प्रश्न संमतीचा आहे, कारण त्यांना विचारलंच नव्हतं.

प्रौढ पेशींना उलटं फिरवून बनवलेल्या मूलपेशी: उंदरांत २००६, माणसांत २००७. भ्रूण लागत नाही. प्रथिनं बनवायची असतील तर हॅमस्टरच्या सीएचओ किंवा माकडाच्या व्हेरो पेशी पुष्कळदा पुरतात. नेहमी नाही, कारण प्रथिनांवर साखरेचे रेणू बसवायची त्यांची पद्धत माणसाच्या पेशींहून वेगळी असते.

गाईडशी बोलायची वेळ: उद्दिष्टं ठरायच्या आधी, कोर्सवर्क चालू असताना. संशोधन सल्लागार समितीत विषय मंजूर झाल्यावर तिसऱ्या वर्षी बोललात तर तो पेच तुमचा एकट्याचा राहत नाही, अख्ख्या प्रकल्पाचा होतो. जाताना पर्यायी पेशी, त्यांचा खर्च आणि काय गमावणार हे एका पानावर लिहून न्या.

१२. प्राण्यांवरचे प्रयोग?

बहुतेक ख्रिस्ती परंपरा त्यांना सरसकट मनाई करत नाहीत, निष्काळजीपणाला करतात. संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी हवीच. पर्याय, कमी संख्या आणि कमी वेदना ही १९५९पासूनची तीन सूत्रं फॉर्म भरण्यापुरती ठेवू नका. सांख्यिकीने आठ उंदीर पुरत असताना वीस मागवणं हीही नीतीचीच चूक आहे.

१३. आमचं कुटुंब अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेलं. फेलोशिपला कुठल्या प्रवर्गातून अर्ज करायचा?

१९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६पासून) आणि बौद्ध (१९९०पासून) यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही, म्हणून अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप किंवा बार्टीची फेलोशिप घेता येत नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. इतर मागास प्रवर्ग तुमच्या समाजाची नोंद यादीत आहे का यावर ठरतो. यांतलं काहीच लागू नसेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, जमीन-घराच्या अटीही बसत असतील, तर आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३पासून बंद आहे, जुने ब्लॉग वाचून तिच्यामागे लागू नका.

हा नियम अन्यायाचा आहे असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्याविरुद्धची लढाई न्यायालयात चालू आहे. पण कागदावर हिंदू आणि चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा, अशा स्थितीत अर्ज करू नका. जात पडताळणीत दावा पडला तर नोकरी आणि पदवी दोन्हींचं संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवलं आहे. कागदपत्रं गुंतागुंतीची असतील तर अर्जाच्या आधी वकिलाला दाखवा.

१४. मिशनच्या महाविद्यालयात नोकरी मिळणं ख्रिस्ती उमेदवाराला सोपं असतं का?

थोडं, काही ठिकाणी. राज्यघटनेच्या कलम ३०खाली अल्पसंख्याक संस्थांना आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे. पण अनुदानित जागेसाठी नेट-सेट किंवा पीएच.डी.ची अट तीच राहते. पाळकांचं किंवा पॅरिशचं पत्र मागितलं जाऊ शकतं. त्यात सदस्यत्व किती वर्षांचं आणि काय काम केलं एवढंच असावं. तिथे शिकवायला लागल्यावर लक्षात ठेवा: कलम २८(३)नुसार अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही.

१५. एका परदेशी ख्रिस्ती संस्थेने परिषदेला बोलावलंय, तिकीट-राहणं त्यांच्याकडून. घ्यायचं?

तुम्ही सरकारी नोकर किंवा सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या संस्थेचे कर्मचारी असाल, म्हणजे राष्ट्रीय प्रयोगशाळा, आयसर वगैरे, तर परदेशी अंशदान कायदा २०१०च्या कलम ६खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. अर्ज एफसी-२, ऑनलाइन, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. आमंत्रणपत्रात कोण कशाचा खर्च करतंय हे वेगवेगळं लिहून मागा. संस्थेची रजा आणि ना-हरकत या त्याहून वेगळ्या गोष्टी. व्याख्यानाचा विषय श्रद्धेचा असेल तर पाटीवर पदनामासोबत "मतं वैयक्तिक" असं टाकायला सांगा.

१६. माझ्या विद्यार्थ्यांशी मी श्रद्धेबद्दल बोलू शकते का?

तुम्ही गाईड असाल तर आपण होऊन नको. ज्याची फेलोशिप, सही आणि शिफारसपत्र तुमच्या हाती आहे तो "हो मॅडम" म्हणेल, त्या हो ला अर्थ नाही. त्याने विचारलं तर प्रामाणिक उत्तर द्या, लॅबच्या बाहेर. लॅबच्या ग्रुपवर बायबलची वचनं नकोत, आणि नाताळच्या केकचं आमंत्रण सगळ्यांना किंवा कोणालाच नाही. श्रद्धा दिसायची असेल तर ती शोधनिबंधावरच्या लेखकांच्या न्याय्य क्रमात दिसू द्या.

१७. गाईड आकडे 'नीट करायला' सांगतात. नाही म्हटलं तर पीएच.डी. जाईल.

सरळ नकारापूर्वी एक पायरी असते. "सर, कुठले नमुने वगळायचे आणि कुठल्या कारणाने, ते मी मेलवर लिहून पाठवतो, तुम्ही पाहा" असं म्हणा आणि खरंच पाठवा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. कारण लिहिताना ते कारण नसल्याचं दोघांनाही दिसतं. मिटलं नाही तर मूळ फाइली तारखेसह संस्थेच्या सर्व्हरवर ठेवा, वहीची पानं फाडू नका, आणि सल्लागार समितीतल्या एका सदस्याशी बोला. लेखी तक्रार ही त्यानंतरची पायरी. वाङ्मयचौर्याचे यूजीसीचे २०१८चे नियम इथे थेट लागत नाहीत, ते मजकुराच्या साम्याबद्दल आहेत. बनावट आकड्यांसाठी संस्थेची स्वतःची समिती असते. पाळकांना सांगायचं असेल तर आधारासाठी सांगा. त्यांनी गाईडला फोन केला तर प्रकरण धर्माचं होतं आणि आकडे बाजूला पडतात.

१८. विज्ञान आणि ख्रिस्ती विचार यांवरचा माझा लेख पदोन्नतीत मोजला जातो का?

अमेरिकन सायंटिफिक अफिलिएशन (ख्रिस्ती शास्त्रज्ञांची संघटना, स्थापना १९४१) किंवा केंब्रिजची फॅरडे संस्था (स्थापना २००६) यांच्याकडचं लेखन गंभीर असतं, आणि एकटं वाटत असेल तर तिथले अभ्यासक्रम उपयोगी पडतात. पण तुमच्या विषयातलं संशोधन म्हणून त्याला गुण मिळतील असं धरू नका. यूजीसी-केअर यादी २०२५मध्ये बंद झाल्यापासून कुठलं नियतकालिक मोजायचं हे संस्थाच ठरवते, तेव्हा अर्जाच्या आधी अंतर्गत गुणवत्ता कक्षाला विचारा. सीव्हीत ते 'इतर लेखन' या मथळ्याखाली वेगळं ठेवा. चर्चच्या मासिकातले लेख त्यातही घालू नका. 'ज्ञानोदय' १८४२मध्ये अहमदनगरला सुरू झालं तेव्हा त्यात विज्ञानाचे लेख येत, पण त्याने आजच्या निवड समितीचं मन वळत नाही.